आखूड पायाखालचा डबा

मी डबा बोलतोय. काळा, वीतभर लांब, एका कोपऱ्याला पोचा आलेला. शिकलेले लोक मला हार्ड डिस्क म्हणतात. म्हणोत बापडे. कॉम्प्युटरात जे काही असेल त्याची नक्कल पोटात घालून गप्प बसायचं, एवढंच माझं काम. शाळा मी पाहिली नाही. माणसं पाहिली, आणि पाहून वीट आला.

माझा जन्म कारखान्यातला. तोंडाला फडकं आणि हाताला मोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. धुळीचा एक कण आत जाऊ दिला नाही. तेवढी काळजी पुढं कुणी घेतली असेल तर शपथ.

मला विकत घेतलं एका बूट बनवणाऱ्याच्या बहिणीनं. बूट साधे नव्हेत. ज्याचा एक पाय आखूड, ज्याची टाच वाकडी, ज्याची बोटं एकमेकांवर चढलेली, असल्यांचे. माप घ्यायचा तो बूटवाला. समोरच्याचा पाय मांडीवर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि अंगठ्यानं चाचपत बसायचा. मग म्हणायचा, "डावी टाच, आतून दोन दोरे उचल." दोऱ्याच्या जाडीनं मोजायचा तो. बहीण ते कॉम्प्युटरात लिहायची, सोबत पायाचे फोटो लावायची. अशी चौदाशे माणसं झाली. मग त्याला लकवा झाला. उजवा हात गेला, त्याबरोबर तो अंगठाही गेला. आता तसं चाचपणारं कुणी नाही. उरलं ते फक्त लिहिलेलं, आणि त्याच्यावर दुकान चालायचं.

बहिणीला सगळे आत्या म्हणायचे, कारण तिचा भाचा, म्हणजे बूटवाल्याचा पोरगा, तसं म्हणायचा. आत्याचा नियम एकच होता. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मला कॉम्प्युटरला जोडायचं, नक्कल करायची, काढायचं आणि बटणांच्या पत्र्याच्या डब्यात घालून घरी न्यायचं.

भाचा दात काढायचा. "काय आत्या, डब्याला फिरायला नेतेस होय?"

"तुला नेऊन काय उपयोग? तुझ्या डोक्यात काही साठत नाही."

बाई कडक होती. मला आवडायची.

पुढं आत्याचे गुडघे गेले. ती घरी बसली आणि कॉम्प्युटर, त्याच्याबरोबर मीही, भाच्याच्या हाती आलो. तिशीचा बाप्या, पण अक्कल अजून रांगत होती. त्यानं एक नवी, चकचकीत, पापडासारखी चपटी डिस्क आणली आणि कॉम्प्युटरला कायमची लावून टाकली. म्हणे आता सगळं आपोआप. काढायला नको, घालायला नको. कॉम्प्युटर रोज सांगायचा की बाबा, नवी दुरुस्ती आलीय, घालून घे. हा रोज 'नंतर' दाबायचा. जेवताना हात धुवायलाही हा नंतरच म्हणत असणार.

आणि मी? ज्या टेबलावर तो कॉम्प्युटर होता त्याचा एक पाय आखूड होता, टेबल डुगडुगायचं. जगभरच्या आखूड पायांना उंची देणारे हे कारागीर! त्यांना स्वतःच्या टेबलाचा पाय नीट करता आला नाही. त्याच्याखाली मला सरकवलं. आठ महिने. केरसुणीचे फटके खाल्ले, चहा अंगावर घेतला.

मग तो मंगळवार आला.

दुकानाच्या जाहिरातीत लिहिलं होतं, पायांचे फोटो मेलनं पाठवा. चोरानं ते वाचलं. चोर वाचतात हो, मालक वाचत नाहीत. मेल आला: 'दोन्ही पायांचे फोटो सोबत आहेत, जरा घाई आहे.' नाव ना गाव. भाच्यानं उघडलं. कॉम्प्युटरनं विचारलं, हे चालू करू का? फोटो कधी चालू करायला विचारतो काय? पण हा 'हो' म्हणाला. कुणी काही विचारलं की हो म्हणायचं, हे त्याला लहानपणी कुणी शिकवलं देव जाणे.

अर्ध्या तासात सगळ्या फायलींना कुलूप. पडद्यावर लाल अक्षरं आली: तीन दिवसांत पैसे पाठवा, नाहीतर तुमचं सगळं गेलं. आणि ती चकचकीत बाई, ती नवी डिस्क? ती तारेनं बांधलेलीच होती. चोर त्याच तारेनं तिच्यातही शिरला. नक्कलही गेली. आपोआप.

समोर एक नर्सबाई बसली होती. तिचा डावा पाय तीन बोटं आखूड. बुटाचा तळ फाटला होता, नवा करायला आली होती.

"माझं माप आहे ना तुमच्याकडं?" तिनं विचारलं. "बारा तास उभी असते मी. हा बूट नसला की कंबर मोडते."

"आहे... म्हणजे होतं," भाचा म्हणाला.

कोपऱ्यात बूटवाला बसला होता. त्यानं डाव्या हातानं तिचा पाय ओढून मांडीवर घेतला, डोळे मिटले. मग डोळे उघडले, पाय खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. माणसांची मला कीव येत नाही. त्या दिवशी थोडी आली.

भाच्यानं आत्याला फोन लावला. ती रिक्षातून आली, काठी आपटत.

"आत्या, तळ दाबायचं मशीन विकतो आणि पैसे भरून टाकतो."

"आणि चोर किल्ली देईल हे तुला कुणी सांगितलं? तुझा मावसभाऊ लागतो का तो? आधी पोलिसांत कळव. माझा डबा कुठाय?"

भाच्यानं उगाच कपाट उघडून बघितलं.

"अरे, डबा कुठाय?"

त्यानं मान खाली घातली. शरमेनं घातली, पण नजर बरोबर जागेवर पडली. आत्यानं काठीनं टेबलाखाली ढोसलं आणि मी दिसलो.

"माझा डबा पायाखाली घातलास?"

"त्यावर काही चालत नव्हतं म्हणून..."

"त्यावर काही चालत नव्हतं म्हणूनच तो वाचला, गाढवा!"

आता शहाणा व्हावा की नाही? ह्यानं मला उचललं, सदऱ्याला पुसलं आणि माझी तार थेट त्याच कुलूप लागलेल्या कॉम्प्युटरला लावायला निघाला. चोर अजून आत बसलेला! दोन बोटांचं अंतर राहिलं होतं. चौदाशे माणसांचे पाय माझ्या पोटात, आणि मला तोंड नाही ओरडायला.

आत्याची काठी त्याच्या मनगटावर बसली. छान आवाज आला.

"घरात चोर असताना उरलेला दागिना आत नेऊन ठेवतोस? आधी कॉम्प्युटर धुऊन घे!"

दुरुस्तीवाला आला. त्यानं कॉम्प्युटर कोरा केला, सगळं नव्यानं घातलं, दोनदा तपासलं. तिसऱ्या दिवशी मला जोडलं. मी घरघरलो, खोकलो, आणि सगळं दिलं. 'डावा पाय तीन बोटं आखूड. डावी टाच, आतून दोन दोरे उचल.' ते त्या नर्सबाईचंच होतं. भाच्यानं मोठ्यानं वाचलं, तसा बूटवाल्यानं भिंतीकडचं तोंड वळवलं.

आठ महिन्यांची मापं मात्र गेली, ती माझ्यात नव्हतीच. त्या लोकांना परत बोलावलं. ती मापं भाच्यानंच घेतलेली होती, नुसती टेप लावून. आता बाप शेजारी बसतो आणि डाव्या हातानं त्याचा अंगठा धरून जागा दाखवतो. चुकला की उजव्यानं टपली मारतो. हाताची ताकद परत येतेय म्हणायची.

मी म्हातारा झालोय, फिरताना कुरकुरतो. माझ्या जोडीला एक नवा डबा आणलाय. एका शनिवारी तो, एका शनिवारी मी. काम झालं की तार काढायची आणि बटणांच्या डब्यात घालून आत्याच्या घरी. बटणं टोचतात. टोचू देत.

तुमच्याही दुकानात माझा कुणीतरी भाऊ असेल. आत्ता उठा आणि बघा, तो तारेला लटकलाय का. लटकला असेल तर तो कामाचा नाही. काढा त्याला. सांगून काही होत नाही हे मला माहीत आहे. तुम्ही 'नंतर' दाबणार.

टेबलाचा पाय अजून आखूडच आहे. भाच्याला वेळ झाला नाही. आता त्याच्याखाली ती चकचकीत बाई असते.