ताईच्या दंडाचा फोटो

माती मीच खाल्ली होती, हे आधी सांगून टाकते.

दोन महिन्यांपूर्वी ताई नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या दंडावरच्या काळ्यानिळ्या डागांचा फोटो मी काढला आणि छापलाही मीच. फोटो छापणं हाच माझा धंदा. पण त्याच आठवड्यात मी मोठ्या ऐटीत नवा मॉनिटर आणला होता, साध्या मॉनिटरपेक्षा कितीतरी जास्त रंग दाखवणारा. असला मॉनिटर आधी यंत्र लावून जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर सगळंच भडक दिसतं. मला कुठला दम निघतोय! ताईची कातडी लालबुंद दिसली म्हणून मी लाल कमी करत गेले, करत गेले. स्क्रीनवर झकास दिसलं. कागदावर डागच उरले नाहीत. कोर्टात समोरच्या वकिलाने तो कागद उंच धरला. म्हणाला, "ही तर सावली आहे. बाई बाथरूममध्ये घसरल्या, एवढंच." मागच्या बाकावर भाऊजी हसले.

भाऊजींनी ताईच्या आसपासही फिरकू नये, असा हुकूम आम्हाला हवा होता. न्यायाधीशांनी एक संधी दिली. मूळ फाइल आणि तिच्यावरून काढलेली नवी प्रत आज तीनपर्यंत द्यायची, नाहीतर फोटो बाद. मग ताईकडे उरणार फक्त तिचा शब्द, आणि पलीकडे भाऊजी, त्यांची आई आणि दोन भाऊ.

सव्वाबारा वाजले होते. रंग स्थिर व्हावेत म्हणून मॉनिटर तासभर चालू ठेवून तापवला होता, पडदे ओढले होते, अंगात माझा करडा शर्ट. ताई शेजारी नारिंगी स्वेटर घालून बसलेली.

"ताई, तो स्वेटर काढ बाई. त्याची झाक स्क्रीनवर पडते, मग माझा डोळा फसतो."

"राहू दे गं."

"अगं, उकडतंय किती!"

"राहू दे म्हटलं ना, मिरचे." लहानपणापासून ती मला मिरचीच म्हणते. तिने खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली.

रंग मोजायचं यंत्र मी स्क्रीनवर लटकवलं. त्याच्याखाली एकेक रंग उमटू लागला. लाल, हिरवा, निळा, मग करड्याच्या छटा. सत्तर टक्के झालं आणि आमच्या वकीलबाईंचा फोन आला.

"डाग जरा गडदच करून आणा हं."

"आणि पकडलं तर? मूळ फाइल त्यांच्याकडेही जाणार आहे!"

"मग तुमचं तुम्ही बघा. मागच्या वेळी तुम्हीच घोळ घातलात."

मी रागाने टेबलावर मूठ आपटली. यंत्र सरकलं आणि मोजणी बंद पडली. पुन्हा पहिल्यापासून! स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

दुसऱ्यांदा मोजणी संपली तेव्हा एक वाजून गेला होता. कोर्ट इथून अर्ध्या तासाच्या रस्त्यावर. स्क्रीन एकदम विझल्यासारखी, पिवळट दिसायला लागली. मूळ फाइल उघडली. ती सगळी लाली गेली होती. खरं सांगते, गडद करायचा मोह मलाही झाला. दोन क्लिकचं तर काम.

मग मी नीट पाहिलं. खांद्याजवळ डाग जांभळा होता. त्याच्याखाली हिरवट. आणि कोपराच्या वर चार पिवळे ठसे, एका ओळीत, बोटांच्या अंतराने. आधी त्या खोट्या लालीत हे सगळं बुडून गेलं होतं, आणि उरलंसुरलं मी पुसलं होतं. बाथरूममध्ये एकदा घसरून तीन रंग पडत नाहीत. पिवळं व्हायला आठ-दहा दिवस जातात. सायकलवरून शंभरदा पडलेय मी, मला कोण सांगणार?

"ताई, तू म्हणाली होतीस, त्यांनी एकदाच मारलं."

तिने स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या.

घर सोडायच्या दहाच दिवस आधी ती माझ्याकडे आली होती. ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्या. मी चिडवलं होतं, "थंडी वाजते का गं म्हातारे?" ती हसली होती. आणि मीही हसले होते. आता मला माझीच लाज वाटली.

"तो पहिला फिका फोटो पाहिला ना," ताई हळूच म्हणाली, "तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, जुनं तरी कुणाला दिसणार नाही."

"का पण?"

"लोक विचारतील, इतके दिवस काय करत होतीस. तूही विचारशील."

तेच माझ्या जिभेवर होतं. गिळलं.

"तू सांगशील तसं," मी म्हटलं. "नको म्हणालीस तर नाही छापत."

घड्याळात एक पस्तीस. ताई बराच वेळ त्या चार ठशांकडे बघत राहिली. मग ती उठली आणि स्वेटर डोक्यावरून काढून तिने खुर्चीवर टाकला. आत बिनबाह्यांचा सदरा होता. दंड स्वच्छ, एक डाग नाही. फोटोपुरती तिने एक बाही घाईने वर केली होती, तेवढं सोडलं तर दोन वर्षांत तिचे उघडे हात मी पहिल्यांदा पाहत होते.

ती स्क्रीनजवळ येऊन उभी राहिली.

"आता पडते का झाक?"

"नाही."

"मग छाप. फिकं करू नकोस आणि गडदही करू नकोस."

मी बटण दाबलं. कागद कोपराच्या बाजूने बाहेर येऊ लागला, त्यामुळे सगळ्यात आधी ते पिवळे ठसेच उतरले. ताई मान न वळवता बघत होती.