पालखीपुढं नाही

तेजस्विनी डीजे आहे असं सांगितलं, की गावाकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढं ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत उभी राहते आणि पुण्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं लग्नाचा हॉल. दोघांचंही चुकतं. ती वाजवते मुंढव्याकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये, रविवारी दुपारी चारपासून, साठ-सत्तर माणसांसमोर. तिथं सिनेमाची गाणी लागत नाहीत. कुणी फर्माईश घेऊन टेबलाजवळ आलं तर ती हेडफोन न काढता नकारार्थी मान हलवते, आणि तरी तो हटला नाही तर त्याला दार दाखवते. एकदा तिनं शेडमालकाच्या मेव्हण्यालाच दार दाखवलं. त्यापायी दोन महिने तिचं काम बंद होतं. मग माणसं तिलाच विचारत यायला लागली तेव्हा मालक स्वतः बोलवायला आला.

बाकीचे दिवस ती बोलत्या पुस्तकांच्या कंपनीत वाचणाऱ्यांचे खोकले आणि उसासे कापत बसते. पोट त्यावर चालतं, जीव रविवारवर. आणि रविवारची तिची ओळख म्हणजे हलगी. जुन्या बाजारात घेतलेली हलगी ती आपल्या खोलीत वाजवून रेकॉर्ड करते, त्या आवाजाचे तुकडे पाडते, लांबवते, उलटे फिरवते आणि खाली एवढा जाड बास भरते की शेडचे पत्रे थरथरतात. ज्यांनी जन्मात हलगी पाहिलेली नाही अशी पोरं डोळे मिटून नाचतात.

ही हलगी तिनं घरी कधी नेली नाही. घरात चामड्याचं काही वाजवायचं नाही, हा तिच्या वडिलांचा, राजरत्नांचा, नियम. एसटीच्या डेपोत पस्तीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस. त्याच्या नियमाला कारण विचारायची घरात पद्धत नव्हती. लहानपणी तिनं परात बडवली तर कुणी काही म्हणत नसे. शेजाऱ्याची ढोलकी आणली तेव्हा मात्र ती उंबऱ्याबाहेरूनच परत गेली. तिला वाटायचं, पप्पांना आवाजाचा त्रास होत असेल.

मार्चमधल्या एका रविवारी सेट संपल्यावर घामानं निथळणारा एक मुलगा टेबलापाशी आला.

"ताई, तुम्ही भागुजीबाबांची नात ना? मी ऋषी. हौशीराम तात्यांचा नातू. डिंगोऱ्याच्या अलीकडं, आपल्याच गावचा."

हौशीराम म्हणजे गावातले मोठे बागायतदार आणि यात्रा कमिटीचे कायमचे अध्यक्ष. ऋषीनं त्यांना तेजस्विनीचा व्हिडिओ दाखवला होता आणि तात्या खूश झाले होते. यंदा चैत्रातल्या यात्रेला पालखीपुढं हीच वाजवंल, असं त्यांनी जाहीरच करून टाकलं होतं.

तेजस्विनीला मनापासून आनंद झाला. शेडमध्ये कुणाला हो म्हणायचं तर दहा वेळा विचार करणारी ही पोरगी, पण गावाला एका दमात हो म्हणून मोकळी झाली. ज्या गावानं इतकी वर्षं 'लग्न कधी' याखेरीज काही विचारलं नाही, त्यानं बोलावलं की भल्याभल्यांची मती गुंग होते. घरी विचारायचं तिला सुचलंसुद्धा नाही.

यात्रेच्या आठवडाभर आधी ती घरी आली तेव्हा पत्रकं वाटून झाली होती. आत्या आक्काबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. पंचाहत्तरीची, पण कान तिखट. राजरत्न पायरीवर चहा पीत होते. तेजस्विनीनं मोठ्या तोऱ्यात पत्रक वाचून दाखवलं.

"दुपारी चार वाजता श्रींच्या पालखीचे प्रस्थान. मानाची हलगी: कैलासवासी भागुजी यांची नात, डीजे तेजस्विनी, पुणे."

राजरत्नांनी बशी खाली ठेवली आणि ते मागच्या दारानं निघून गेले.

"मानाची लिवलंय?" आत्यानं विचारलं.

"हो. का?"

आत्यानं मांडीवरची टरफलं झटकली. "तुझा आजा पालखीपुढं हलगी वाजवायचा. ह्या म्होरच्या वडाखाली पालखी इसाव्याला ठेवायची, आन् त्याच्या हलगीवरच उठायची. हलगी न्हाई तर पालखी उठत न्हाई, आसा रिवाज. अंगात ताप आसू दे न्हाईतर घरात मयत. वाजवून झालं की भाकरी मिळायची, वरून टाकल्याली, पदरात. छप्पन साली आजा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. फुडच्या चैतात चावडीवरून सांगावा आला, तवा त्यानं चावडीम्होरंच हलगी इळ्यानं फाडली. मी व्हते संगं. सात वर्सांची."

"मग?"

"मग काय? गिरणीत आमचं दळान घ्यायचं बंद झालं. चार म्हयनं माझ्या आयनं जात्यावर दळलं. कामाला कुनी बोलवंना. आर्धी वस्ती मुंबईला गेली. पर हलगी काय परत आली न्हाई या घरात." आत्यानं पत्रकाकडं बोट केलं. "ती तू आनलीस."

तेजस्विनीच्या कानांना चटका बसल्यासारखं झालं. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग रागही आला. "मला आजवर कुणी सांगितलं का नाही?"

"मार खाल्ल्याची गोष्ट पोरांस्नी कोन सांगतंय? आमाला वाटलं, तुमी इसरल्यालं बरं."

"मी विसरले नाही आत्या. मला माहीतच नव्हतं. यात फरक आहे." आवाज चढला तशी ती थांबली आणि मग हट्टानं म्हणाली, "आणि आता काळ बदललाय. मला मानानं बोलावलंय. पुण्यात हीच हलगी वाजवते तर लोक कौतुक करतात."

"करत्यात ना? मंग मला सांग, तिथं तू वाजवती तवा मानसं कुनीकडं तोंड करून आसत्यात?"

"माझ्याकडं."

"आन् पालखीपुढं?"

तेजस्विनीच्या डोळ्यांपुढं ती मिरवणूक आली. पुढं ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर ती, आणि मागं अख्खं गाव पालखीकडं बघत चाललेलं. तिनं पत्रकाची घडी घातली. आत्यानं पुढची शेंग उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती हौशीरामांच्या मळ्यात गेली. ते ट्रॅक्टरच्या टायरात हवा भरत होते. माणूस तोंडाचा गोड, त्यांनी आधी चहा सांगितला.

"तात्या, मी पालखीपुढं वाजवणार नाही."

ते हसले. "गाडी पाठवू का पुन्याला, सामान आनायला? तेवढंच आसंल तर सांग."

"सामान आलंय. मी वाजवणार नाही."

हौशीरामांनी पंप बंद केला. "पोरी, पत्रकं वाटून झाल्यात. हलगीवाला दरसाल भाईरून येतो, त्याला मी यंदा नगं म्हनून कळवलं, त्यो दुसऱ्या गावाला गुतला. ऐन यात्रंच्या दिसात आता कोन मिळनार? आन् हलगीबिगर पालखी उठत न्हाई, ठावं हाय का तुला?"

"काल कळलं."

"मान हाय गं त्यो. तुमच्या घरचा."

"मान होता, तर तो एवढ्या पिढ्यांत एकदाही तुमच्या घराकडं कसा आला नाही?"

हौशीरामांचा चेहरा लाल झाला. "पुन्यात पिनाऱ्यांपुढं वाजवती, ते चालतं व्हय?"

"चालतं. तिथं मी नाही म्हणाले तर फार तर दोन महिने मला काम मिळत नाही. घरचं दळण बंद होत नाही."

हौशीरामांनी पंपाची नळी गुंडाळली. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "गिरन आमची व्हती."

हे तिला माहीत नव्हतं. माहीत असतं तर ती चहाला थांबली असती का, कोण जाणे. कप तसाच ठेवून ती उठली.

"तवाचं तवा गेलं, पोरी. किती दिस उगाळायचं?"

"मग हलगीपण तेव्हाच गेली, तात्या."

इथं एखादी शहाणी मुलगी संध्याकाळची एसटी धरून पुण्याला गेली असती. तेजस्विनीला शहाणं कुणी म्हटलेलं नाही. निघून गेले तर गाव म्हणेल भ्याली, असा विचार करत ती घरी आली आणि वडिलांपुढं उभी राहिली.

"पप्पा, यात्रेच्या दिवशी चार वाजता मी आपल्या अंगणात वाजवणार. आपल्याच वस्तीसाठी."

"चामडं?"

"चामडं नाही. लॅपटॉप आणि दोन स्पीकर. आवाज मात्र हलगीचाच."

राजरत्नांनी मागच्या दाराकडं पाहिलं, तिला वाटलं आता हे पुन्हा तिकडूनच जाणार. "आवाज आपला हाय," शेवटी ते म्हणाले. "वाजवायचा का न्हाई ते आपन ठरवायचं. अण्णांनी, तुझ्या आजानं, एवढंच तर केलं." आणि पान्हा-पक्कड घेऊन ते मीटरच्या खोक्याकडं गेले. ओतूरहून भाड्यानं आणलेल्या स्पीकरांची वायर त्यांनी स्वतः ओढली, दोनदा तपासली आणि कुणी पाय अडखळून पडू नये म्हणून ती मातीत पुरली.

यात्रेच्या दिवशी अंगणात सतरंज्या पडल्या. वस्तीतली तीस-चाळीस माणसं आली. शेडमधली तिघं मोटारसायकलवरून आली. त्यांच्या कानातले डूल आणि गोंदलेले हात बघून बायकांची बरीच करमणूक झाली. चारला तेजस्विनीनं सुरुवात केली. पहिला तुकडा ऐकून म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. सत्तर वर्षांत हा आवाज या वस्तीतून आला नव्हता. आक्काबाई सगळ्यांत पुढं, खुर्चीत ताठ बसली होती. तिचा चेहरा वाचता येत नव्हता.

साडेपाचला पालखी रस्त्यावर आली. पुढं पिंपळवंडीची बँजो पार्टी होती. तिच्याकडं सगळी वाद्यं होती, हलगी तेवढी नव्हती. अंगणासमोरच्या वडाखाली पालखी विसाव्याला ठेवली, आरती झाली. मग भोई खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. दांडीला खांदा लावून कुणी उठेना. बँजोवाल्यांनी दोन गाणी वाजवून पाहिली, पण रिवाज हलगीचा होता.

तेवढ्यात हौशीरामांचं लक्ष अंगणाकडं गेलं. इतका वेळ कुंपणापलीकडं नुसता बास घुमत होता, त्यात आता हलगी कडाडायला लागली होती. त्यांचा चेहरा उजळला. "अरं वाजतीया की. उचला."

तेजस्विनीला ते दिसलं. भोयांचे गुडघे सरळ व्हायला लागले, आणि त्याच क्षणी तिनं आवाज बंद केला. पालखी वीतभर उठून पुन्हा टेकली.

रस्त्यावरची चार-पाचशे माणसं आता तिच्याकडं बघत होती. हौशीराम कुंपणाशी आले. अंगणातल्या कुणी जागा सोडली नाही.

"पोरी, दोन मिंटं. एवढ्या लोकांत माझी शोभा करू नगं."

"तुमची पालखी पुढं जाऊ द्या तात्या, मग वाजवते."

"ती उठत न्हाई."

"खांदे आहेत ना? उचलून तर बघा."

तिनं आवाजाच्या बटणावरचं बोट काढलं नाही. शेडमधल्या मेव्हण्याला दार दाखवणं वेगळं आणि हे वेगळं. राजरत्न स्विचबोर्डला पाठ लावून उभे होते, हाताची घडी घालून. रस्त्यावर कुजबुज वाढत गेली. कुणी म्हणालं, माजलेत. कुणी म्हणालं, पोरगी चुकीचं काय बोलतीय? ऊन उतरणीला लागलं, भोयांच्या कमरा अवघडल्या. त्यांच्यात ऋषी होता. त्यानं एकदा आजोबांकडं पाहिलं, एकदा अंगणाकडं, आणि शेजारच्याला म्हणाला, "चला. माझी पाठ मोडली."

पालखी उठली. कुठलंही वाद्य न वाजता, नुसत्या पायांच्या आवाजात ती चालायला लागली. आभाळ कोसळलं नाही. बायकांनी हात जोडले, बँजोवाले धावत पुढं गेले, आणि पाच मिनिटांत सगळी मिरवणूक मढ गावच्या रस्त्याला वळून दिसेनाशी झाली.

हौशीराम तेवढे मागं राहिले. कुंपणाच्या बाहेर, दोन्ही हात तारेवर ठेवून ते उभे होते. पुढं जाताही येईना आणि मागं फिरताही येईना.

आक्काबाई खुर्चीतून उठली, कुंपणाचं फाटक उघडून बाजूला झाली.

"आत या पावणं, बसा. आमच्यात कुनाला भाईर उभं ठेवत न्हाईत."

हौशीरामांनी वळणाकडं पाहिलं, मग सतरंजीकडं. तेजस्विनी त्यांच्यासाठी थांबली नाही. अंगणातली सगळी माणसं तिच्याकडं तोंड करून बसली होती. तिनं हलगी पुन्हा सुरू केली आणि आवाज शेवटपर्यंत वर नेला.