प्लास्टिकमधली पदवी

मित्रांनो, मी पर्णिकाच्या पदवीचा जुना कागद आहे. कणा आणि सांधे हातांनी दाबून मोकळे करणाऱ्यांना कायरोप्रॅक्टर म्हणतात. पर्णिका परदेशात जाऊन ते शिकली आणि त्या कष्टांतून माझा जन्म झाला. पहिल्या दिवशी तिने माझ्यावरून इतक्यांदा बोट फिरवलं की माझा एक कोपरा मऊ पडला. तेवढाच काय तो माझ्या लाडाचा काळ.

चिपळूणला आल्यावर तिच्या आईने, नर्मदाबाईंनी, मला झेरॉक्सच्या दुकानात नेलं. "लेकीच्या कष्टांना पाणी लागायला नको," म्हणाल्या आणि हौसेने माझं लॅमिनेशन करून घेतलं. त्या गरम प्लास्टिकमध्ये गेलो तो गेलोच. त्यानंतर मला कुणाचा हात लागला नाही.

अबुधाबीत पर्णिकाला नोकरी लागली, तेव्हा माझी स्कॅन केलेली प्रत पुरली. यंदा मात्र उम्म अल कुवैनमध्ये कामगारांच्या पाठदुखीसाठी पंधरा दिवसांचं शिबिर होतं. ओझी उचलून वाकलेली माणसं ती रोज बघायची, तिला जायचंच होतं. दुसऱ्या अमिरातीत काम करायचं तर तात्पुरता परवाना हवा होता, आणि त्यासाठी माझ्या मागच्या बाजूला पडताळणीचा शिक्का.

पडताळणीच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या मुनिब नावाच्या कारकुनाने मला उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम, स्टॅम्प ओरिजिनल पे लगता है. प्लास्टिक पे कैसे लगाऊँ?"

"प्लास्टिक निकाल दूँ तो?" पर्णिकाने विचारलं.

"पेपर भी साथ में फटेगा. युनिव्हर्सिटी से दूसरा मँगवाओ, फिर हो जाएगा, इन्शाल्ला."

दुसरी प्रत यायला सहा आठवडे लागले. शिबिर पर्णिकाविनाच झालं. मी शंभर टक्के खरा होतो, तरी तिच्या कामी आलो नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

आता फाइलमध्ये ती नवी प्रत असते. तिच्यावर शिक्के आहेत, सह्या आहेत, चहाचा एक डागही आहे. पुढच्या शिबिराला पर्णिकाबरोबर तीच गेली. मी खणात एकटा असतो.

रविवारी नर्मदाबाईंचा व्हिडिओ कॉल येतो. "कागद नीट आहे ना गं?"

"हो आई, अगदी नवा आहे," म्हणत पर्णिका मला कॅमेऱ्यासमोर धरते. शिबिर का हुकलं, ते तिने आईला कधीच सांगितलं नाही.

परवा कॉल संपल्यावर तिने मला लगेच खणात ठेवलं नाही. माझा तो मऊ कोपरा शोधून तिने त्यावरून हळूच अंगठा फिरवला. मला काहीच जाणवलं नाही, मधे आईचं प्लास्टिक होतं. मित्रांनो, आवडती वस्तू जरूर जपा, पण तिला हात लागेल एवढी जागा राहू द्या.