भांगेच्या दिवशी

गुणाजीचा एकच हिशेब, आणि तो तिथीचा. अमावास्या-पुनवेला उधाण, समुद्र फुगणार, गटारं उलटी वाहणार आणि करी रोडच्या त्यांच्या चाळीत तळमजल्यावर पाणी शिरणार. पावसाळ्यात त्या दिवशी तो अर्धांगवायूने खिळलेल्या बायकोला, शांताला, पाठीवर घ्यायचा आणि वरच्या मजल्यावरच्या आनंदीबाईंकडे ठेवायचा. अष्टमीला मात्र भांग, भरती नावापुरती. त्या दिवशी शांता आपल्या घरात, आपल्या खाटेवर. संपात गिरणी गेली, मुलं पांगली, पण हा हिशेब कधी चुकला नव्हता.

वर जायचं म्हटलं की शांताला रडू कोसळायचं. "लोकांच्या घरात हगणा-मुतणा? त्यापरास मराण बरा." म्हणून भांगेचे दिवस दोघांना सणासारखे वाटायचे.

त्या दिवशी अष्टमीच होती. मच्छीमार नगरची शेवंता सुकट-बोंबलाची टोपली घेऊन दारात आली.

"काय गं, आज भांग ना?" गुणाजीने नेहमीसारखं विचारलं.

"भांगच हाय. पन काका, दर्याचा काय भरवसा नाय राहिला. पानी पायाला ऊन लागतंय. पाऊस पन तसाच, दिवसाचा पाऊस तासात वततो. काकीला वर नेऊन ठेव."

"अगं, भांगेला पाणी चढतं होय? मला शिकवते!"

भरतीची खबर तिच्याकडूनच घ्यायची आणि वर तिलाच अक्कल शिकवायची, असा हा गृहस्थ!

दुपारी शांताला पेज भरवून तो तिच्या गोळ्या आणायला निघाला. मांजर शिरेल म्हणून बाहेरून कडी घातली.

दुकानात पोचतो न पोचतो तोच अंधारून आलं आणि पाऊस सुटला. पाऊस कसला, वरून कुणी हंडे उपडे करत होतं! बघता बघता रस्ता गेला. पाणी गुडघ्याला, मग कमरेला. "भांग आहे, उतरेल," तो पुटपुटत होता. पाणी उतरेना. मग त्याला कडी आठवली आणि तो घराकडे वळला.

"शांते! शांते गो!" ओरडत, पडत-झडत तो चाळीत आला. कडी काढली, खांदा लावला. आत खाट बुडाली होती. धडधाकट हाताने खिडकीचा गज धरून शांता मान वर काढून होती. पाणी हनुवटीला लागलं होतं. आईशप्पत, गुणाजी लहान पोरासारखा रडला.

तिला पाठीवर घेऊन तो वर आला, तोवर पाऊस थांबलाही होता. बाहेर लख्ख ऊन पडलं. आनंदीबाईंनी शांताला कोरडं लुगडं नेसवलं.

शांताने विचारलं, "आज उधाण होता?"

"नाय. भांग."

तिने मान खिडकीकडे वळवली. खिडकीतून खालचं गढूळ पाणी दिसत होतं.

"मगे माका खाली कधी नेशात?"

गुणाजीने भिंतीवरच्या कालनिर्णयात पुढच्या अष्टमीवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.