ध चा द

मुरब्याच्या मच्छीमार सोसायटीतला संगणक बोईसरच्या एका कारखान्याने मोडीत काढलेला होता, पण गावात त्याचा थाट नव्या नवरीचा. त्यात प्रत्येक बोटीची एक फाइल. तिथल्या जुन्या कारकून चंद्रकांताकाकूंनी ती नावं इंग्रजी अक्षरांत घातली होती, तीही गाव बोलतं अगदी तशी.

काकू थकल्या आणि खुर्चीवर हंसा आली. पालघरच्या कॉलेजातून पदवी घेतलेली, आणि जिभेवरचं 'आमी-तुमी' तिथेच घासूनपुसून काढलेली. तिची बोटं भरभर चालत. नावाची चार अक्षरं टंकायची, टॅब दाबायचा, की उरलेलं नाव संगणक आपणच पुरं करतो, याचं तिला भारी कौतुक.

एका सकाळी नवशाकाका आपल्या बोटीसाठी डिझेलची चिठ्ठी घ्यायला आले. हंसाने इंग्रजीत 'धना' टंकून टॅब दाबला. संगणक नुसता टुंग वाजला.

"काका, धनाई नावाची बोट सोसायटीत नाही."

"नाय? मंग धक्क्याला काय बांदलंय गो?"

रांग हसली. शोधता शोधता फाइल सापडली, तिच्या नावात डीपुढच्या एचचा पत्ताच नव्हता. ध चा मा झालेला लोकांनी ऐकला होता, इथे ध चा द झाला होता. भागीरथीची बागीरथी, तीच गत.

सेक्रेटरी रामनाथ वैतागले. "मलाही शुद्धच टंकायची सवय आहे. सगळी नावं सुधारून टाक."

हंसालाही तेच हवं होतं. पण नवशाकाका जागचे हलले नाहीत. "बोटीवर दनाय लिवलंय. माज्या आयला गाव दनायच म्हनं. आय गेली, नाव तेवढं हाय. त्याला नको हात लावू."

हंसाला लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ राग आला. माणसाने आईचं नाव बदलायचं आणि यंत्राने मात्र तसूभरही सरकायचं नाही, हा कुठला न्याय?

"नावं राहू द्या, मी संगणकाला वळण लावते," ती म्हणाली.

रामनाथ काही वाईट माणूस नव्हते. "सोमवारी मी माझ्या पद्धतीने टंकेन. सापडली तर राहतील, नाहीतर सगळी बदलायची."

तिने संगणकाच्या इंग्रजी माहितीची पानंच्या पानं पालथी घातली. पहिला नियम लिहिला तर टॅब दाबल्यावर काहीच उमटेना. दुसऱ्याने भलत्याच बोटी पुढे केल्या. मग तिने एच एवढाच धरला: टंकणाऱ्याने एच दिला तर तो फाइलच्या नावात असला काय नि नसला काय, नाव जुळलं असंच समज. एका ओळीत मावलं सगळं.

सोमवारी रामनाथांनी एचसकट 'धना' टंकलं आणि टॅब दाबला. पडद्यावरचा एच गेला आणि फाइलचं नाव पुरं झालं. त्यांनी भागीरथी करून पाहिली. बागीरथी हजर. ते खुर्चीत मागे रेलले. "राहू देत नावं. छान केलंस."

नवशाकाकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते खिडकीतून वाकले. "काय आलं गो?"

रांग कान देऊन उभी होती. हंसा ताठ बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"दनाय, काका. आमच्या मुरब्याची दनाय हाय ती."