पंधरा वॅटचं तप

"आलं, आलं! तोंड भाईर काढलं बगा!"

मुळशी धरणाच्या काठावर पत्र्याचा मठ होता. दोन हजार सहा सालच्या श्रावणातल्या सोमवारी तिथं पाचशे माणसं एकमेकांच्या पायांवर उभी होती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत ओल्या कपड्यांचा, उदबत्त्यांचा, घामाचा वास एकात एक मिसळून डोकं उठवत होता. चौथऱ्यावर फणीनाथ महाराज बसले होते. त्यांच्या तळहातावर शेंदूर थापलेलं सापाचं अंडं. महाराजांनी डोळे मिटले, नाकपुड्या फुगवल्या आणि घशातून असा काही फुत्कार काढला की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मागं सरकल्या. शेंदूर तडकला. आतून चिमुकलं तोंड निघालं, जीभ लवलवली. एका बाईनं तिथल्या तिथं चिखलात लोटांगण घातलं.

"बारा वर्षांचं तप आहे, बालकांनो!" महाराज गरजले. "हे अंडं या देहाच्या अग्नीवर उबवलंय. कुठल्या शास्त्रज्ञाच्या यंत्राला जमेल हे? जमेल का?"

"न्हाई महाराज!" पाचशे तोंडं एकदम म्हणाली.

गर्दीत मागं उभ्या असलेल्या हेमलताबाईंना किळस आली. सापाची नव्हे, सापाची पिल्लं त्यांनी ओंजळीत धरली होती. किळस आली ती त्या री ओढण्याची. त्या भरे गावच्या शाळेत विज्ञान शिकवत, आणि त्या 'न्हाई महाराज'मध्ये त्यांचे निदान दहा जुने विद्यार्थी होते. शिकवलं ते कुठं गेलं, कोण जाणे!

त्या आल्या होत्या शेजारच्या कल्पनासाठी. कल्पनाच्या लग्नाला सात वर्षं झाली, मूल नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी सासूनं, गोजराबाईनं, तिला इथं आणलं. महाराजांनी मडकं दिलं, राखेत तीन अंडी. नियम असा, की रोज सकाळ-संध्याकाळ ती अंडी हातानं उलटीपालटी करायची, खुडूक कोंबडी करते तशी, आणि नागराणीचं नाव घ्यायचं. मडकं कुणाला दाखवायचं नाही. पिल्लं निघाली तर कूस उघडली. नासली तर दोष बाईच्या पोटात. गावात खुडूक कोंबडी कुणी पाहिली नाही? सगळ्यांना नियम लगेच पटला. आणि दोष निघाला तर पुढं काय, तेही गोजराबाईनं ठरवून टाकलं होतं. जयसिंगला, म्हणजे आपल्या लेकाला, ती दुसरी बायको म्हणून आपली भाची करणार होती. भाचीच्या घरी निरोपही गेला होता. जयसिंग यावर हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता. गप्प बसला होता, बाप्या माणसाला शोभेल तसा!

मडक्याची गोष्ट हेमलताबाईंना कळली ती आज सकाळी, जीपमध्ये. ऐकताच त्या ओरडल्या.

"अगं, सापाचं अंडं फिरवायचं नसतं! मी स्वतः मारलीत तशी."

खरंच मारली होती. दोन वर्षांपूर्वी लवळ्याला कॉलेजच्या पायासाठी जेसीबीनं माती उकरली, त्यात धामणीची अंडी निघाली. वनरक्षकानं ती बाईंच्या हवाली केली. बाईंनी घरी पेटी केली. थर्माकोलचा खोका, आत पंधरा वॅटचा बल्ब, पाण्याची वाटी, ओला काथ्या, थर्मामीटर. वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या. एवढं सगळं करून रोज दोनदा अंडी फिरवली, कोंबडीसारखी. महिन्यात सगळी नासली. तेव्हा वनरक्षकानं समजावलं. पक्ष्याचं अंडं फिरवावं लागतं. सापाचा जीव मात्र अंड्याच्या वरच्या बाजूला कवचाला चिकटून वाढतो, फिरवला की आतच मरतो. अंडं सापडलं तसंच ठेवायचं, वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारायची, फुली कायम वर. पुढच्या वर्षी नव्या अंड्यांतून अकराच्या अकरा पिल्लं निघाली आणि रानात सोडली.

"म्हाराजांपरीस तुमाला जास्त कळतं व्हय, बाई?" गोजराबाई फणकारली होती, आणि जीपमधलं बोलणं तिथंच संपलं होतं. बाईंनाही वाटलं, अडाणी बुवा आहे, त्याला काय माहीत.

आता चौथऱ्यावरून पुकारा झाला. "भऱ्याची कल्पना जयसिंग!"

कल्पना मडकं घेऊन पुढं गेली. महाराजांचा चेला प्रदीप यानं फडकं सोडलं आणि अख्ख्या मठात घाण सुटली. सडलेली, चिकट, घशात बसणारी. लोक नाकाला पदर लावत मागं रेटले. महाराजांनी उपरण्यानं नाक झाकलं.

"हरे हरे! ज्या हातांनी देवाची अंडी नासवली, त्या उदरात विष आहे, विष! या बाईला फळ नाही."

गोजराबाईनं कपाळावर हात मारला. "ऐकलंस न्हवं, जयसिंगा? आता तरी माझं ऐकशील?"

जयसिंग आपल्या चपलांकडं बघत राहिला. कल्पनाच्या बोटांना काळा चिकटा लागला होता, आणि ती तो पुसतही नव्हती. हेमलताबाईंना वाटलं, ओरडावं. पण ओरडून कोण ऐकणार होतं?

तेवढ्यात प्रदीप प्रसाद वाटत आला. प्रसाद कसला, तर मघाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे, ताईतात घालायला! शी! बाईंनी एक तुकडा घेतला आणि पदरानं शेंदूर पुसला. कवचाला चीर होती आणि चिरीच्या कडा वाळून कडक झालेल्या. बाईंच्या लगेच ध्यानात आलं. पिल्लू अंडं फाडतं आणि नाक बाहेर ठेवून दिवसभर आतच बसून राहतं. हे काल फाटलेलं अंडं होतं, शेंदरानं लिंपलेलं. तळहाताची ऊब लागली, पिल्लू बाहेर आलं. झाला चमत्कार!

पण शेंदराखाली आणखी काहीतरी होतं. पेन्सिलीची फुली.

बाईंनी तुकडा पुन्हा उजेडात धरला. फुली मारतो तो अडाणी नसतो. अंडं फिरवलं की मरतं, हे या माणसाला माहीत होतं. माहीत असून तो बायकांना फिरवायला सांगत होता. अंडी नासली की दोष बाईचा, महाराज नामानिराळे.

त्या तडक चौथऱ्यामागं गेल्या. अख्ख्या तालुक्यात लोडशेडिंग, आणि इथं इन्व्हर्टर सुरू. त्याची वायर भगव्या पडद्याआड गेली होती.

"बाई, तितं सोवळं हाय! जाऊ नगा!" प्रदीप धावला.

"सोवळं की बल्ब, ते बघते." बाईंनी पडदा ओढून काढला.

थर्माकोलचा खोका. पंधरा वॅटचा बल्ब. पाण्याची वाटी. काथ्यावर सोळा अंडी, प्रत्येकावर फुली. झाकणाच्या आतल्या बाजूला वहीचा कागद चिकटवलेला. अक्षर ठसठशीत, चेल्यांनी चुकू नये म्हणून लिहिलेलं.

"कल्पना, इकडं ये. दहावी पास आहेस ना? वाच."

कल्पना आली आणि एकेक शब्द लावत वाचू लागली. "अंडी... फिरवू नयेत. फिरवली तर... मरतात." ती थांबली. पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "मी साठ दीस फिरवली की हो, बाई. सकाळ-सांज. ह्येनंच सांगितलं हुतं."

तिचे शब्द पुढच्या रांगेतून मागं पोचले. महाराज सावरून बसले. "बालकांनो, कलियुगात तपाला विजेचं साहाय्य..."

"मंग म्हाराज, लोडशेडिंगमदी तप बंद पडतं का?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला. हशाचा संताप व्हायला वेळ लागला नाही, आणि मघाशी जोडलेल्या हातांत चपला आल्या. हेमलताबाईंना त्याचीही किळस आली.

"ठेवा त्या खाली!" त्या कडाडल्या. "याचं काय करायचं ते पोलीस आणि वनखातं बघेल. तुम्ही स्वतःला विचारा! अंड्यावरून बाईचं पोट ओळखता येतं, हे पटलं कसं तुम्हाला? मूल होत नसेल तर दोष बाईत असेल, पुरुषात असेल, दोघांतही नसेल. ते तपासून कळतं. पौडला सरकारी दवाखाना आहे. तिथं नवरा-बायको दोघांनी जायचं. इथं येऊन बाईला उभं करून तिच्या नावानं नाक दाबायचं, ही कसली भक्ती? डोळ्यांसमोर काही घडलं तर हात जोडण्याआधी मागं काय आहे, तेवढं बघा. पडदाच तर बाजूला करायचा होता!"

हातांतल्या चपला एकेक करून खाली गेल्या. गोजराबाई पुटपुटली, "चला आता घरला. झालं ती झालं. भाचीचं मागनं बगू."

कल्पना तिच्याकडं वळलीही नाही. ती सरळ जयसिंगसमोर जाऊन उभी राहिली.

"उद्या पौडला जायाचं. दोगांनी. पयली तुमची तपासणी. येताय का न्हाई?"

जयसिंगनं आईकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत म्हणाला, "येतो."

"मोठ्यानं बोला," कल्पना म्हणाली. "माझा दोष मोठ्यानं सांगितला हुता."