दोन बैठकींची होडी

उल्हासनगरात फायबरच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्या महिपतीच्या गाळ्यात ब्याण्णवच्या उन्हाळ्यात एका क्लबाची वल्हवायची होडी आली. दोघांनी बसायची, सरावाची. खडकावर आपटून तिच्या बुडाला हातभर चीर गेली होती.

महिपती गाळ्यामागच्या खोलीत एकटाच राहायचा. चार वर्षांपूर्वी तिथे संसार होता. पण फायबर जोडायच्या रेझिनच्या वासाने त्याच्या बायकोचा, बकुळाचा दमा बळावला. दुसरं काम बघा, असं ती सांगत राहिली. एवढं वर्ष जाऊ दे, असं तो म्हणत राहिला. शेवटी तिचा भाऊ रघु येऊन तिला माहेरी जांभूळला घेऊन गेला. भांडण झालंच नाही, त्यामुळे समजूत काढायलाही तो कधी गेला नाही.

चिरेभोवती तो नाण्याने ठोकत गेला. आवाज बद्द येत होता तिथवर आतला फोम पाणी पिऊन बसला होता. तेवढा भाग कापून त्याने होडी उन्हात पालथी घातली. ती वाळेपर्यंत हाताला काम नव्हतं. एरवी कामाच्या नादात जेवण लांबायचं; आता तो वेळेवर जेवायला बसायचा आणि समोर कुणी नाही हे रोज नव्याने कळायचं.

मग नवा फोम बसवला, कडा घासून उतरत्या केल्या, काचेच्या धाग्यांच्या मॅटचे रेझिनमध्ये भिजवलेले थर चढवले. होडी पाण्यात घालून बघायला कुठलंही तळं चाललं असतं. त्याने टेम्पो जांभूळला नदीवर न्यायला लावला आणि रघुकडे निरोप धाडला.

बकुळा आली. अंगाने भरली होती. चीर कुठे होती ते तो तिला बराच वेळ दाखवत राहिला. मग म्हणाला, "गाळा विकतो मी. चल."

"तेव्हा म्हणाला असतात तर तुमच्या आधी निघाले असते," ती म्हणाली. "आता बालवाडीत शिकवते. इथं झोप लागते मला. नका विकू."

ती रागावली असती तर त्याला काही बोलता आलं असतं. तो मान हलवून होडीत चढला.

वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं. होडी पुढे सरकत गेली तसा काठ त्याच्या डोळ्यांसमोरच राहिला, आणि काठावरची बकुळा लहान होत गेली. थोडा वेळ थांबून ती पदर खोचत चढण चढून गेली.

महिपतीने वाकून बुडाला हात लावला. एक थेंब आत आला नव्हता. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला तरी तो तसाच नदीच्या मधोमध बसून राहिला.